डोरोथी ऑस्बर्नचीं पत्रें आणि यादवीच्या काळांतील एक रखडलेला विवाह

जुन्या घराण्यांचे बस्ते सोडतांना एक अनुभव आम्हांस वारंवार येतो. मालक सनदा, महजर, निवाडपत्रें, सरंजामाच्या यादी, स्वारीच्या मजकुराचीं पत्रें मोठ्या हौसेनें पुढें मांडतो. आणि एखादें लहान गाठोडें मात्र ‘यांत कांहीं नाहीं, घरचा मजकूर आहे’ असें म्हणून बाजूस सारतो. एका घरीं तर असें गाठोडें आमच्या डोळ्यांदेखत बंबांत गेलें. मालकाचा हेतु वाईट नव्हता. आजी-पणजीचें लिहिणें परक्यानें वाचूं नये एवढीच त्याची भावना होती. त्या प्रसंगापासून सतराव्या शतकांतील एका इंग्रजी पत्रसंग्रहाची आठवण आम्हांस वरचेवर होते. तो संग्रह अशाच एका ‘घरच्या मजकुराचा’ आहे, व तो बंबांत गेला नाहीं म्हणून त्या काळच्या यादवीनें गृहस्थाश्रमाचें काय केलें हें आज आपणांस कळतें. त्याची हकीकत आमच्या संग्राहक मित्रांसाठीं येथें देत आहों.

हीं पत्रें डोरोथी ऑस्बर्न नांवाच्या तरुणीनें विल्यम टेंपल यास लिहिलेलीं आहेत. संख्या ७७; काळ इ. स. १६५२ च्या डिसेंबरपासून १६५४ च्या शरदृतूपर्यंतचा, म्हणजे शके १५७४ ते १५७६. टेंपल पुढें इंग्लंडचा नामांकित वकील म्हणून युरोपच्या दरबारांत गाजला. पण पत्रें लिहिलीं तेव्हां त्यास ना जागा होती ना स्वतःची मिळकत. पत्रांचा विषय एकच. दोघांनीं एकमेकांस वरिलें होतें, आणि दोघांच्याहि घरांस तें मान्य नव्हतें.

प्रथम ओळख कशी झाली तें सांगितलें पाहिजे. इ. स. १६४८ सालीं, ज्या वर्षीं आपल्याकडे शहाजीराजे जिंजीनजीक मुस्तफाखानाच्या कैदेंत पडले त्याच वर्षीं, इंग्लंडचा राजा पहिला चार्लस हा वाइट बेटावरील कॅरिसब्रूकच्या किल्ल्यांत पार्लमेंटच्या कैदेंत होता. डोरोथी तेव्हां एकवीस वर्षांची. ती भावाबरोबर फ्रान्सच्या किनाऱ्यावरील सेंट मालो गांवीं आपल्या बापाकडे निघाली होती. टेंपल वीस वर्षांचा, केंब्रिजचें शिक्षण अर्धवट टाकून फ्रान्सच्या प्रवासास निघालेला. बेटावर दोघांची गांठ पडली. निघतेवेळीं डोरोथीच्या भावानें उतरलेल्या जागेच्या खिडकीच्या कांचेवर हिऱ्यानें एक वाक्य कोरलें. बायबलांतील एस्तेरच्या कथेंत हामान नांवाचा एक दुष्ट प्रधान आहे. दुसऱ्यासाठीं उभारलेल्या सुळावर तोच चढतो. किल्लेदाराचें नांव हॅमंड. तेव्हां या श्लेषाचा रोंख कोणावर होता हें उघड होतें. सर्वांस पकडून किल्लेदारापुढें उभें केलें. त्या वेळीं डोरोथीनें पुढें होऊन गुन्हा आपला म्हणून सांगितलें, आणि स्त्रीचा अपराध म्हणून किल्लेदारानें सर्वांस सोडून दिलें. योगायोग असा कीं, हा किल्लेदार टेंपलचा मामेभाऊच होता.

ही गोष्ट टेंपलच्या बहिणीनें लिहिलेल्या त्याच्या चरित्रांत आहे. प्रसंगाच्या वेळीं बहीण अगदीं लहान होती व ती तेथें हजर नव्हती. म्हणजे हकीकत ऐकीव आहे, समकालीन नव्हे. तथापि ती ज्या दोघांच्या तोंडून तिनें ऐकिली असली पाहिजे तीं दोघें पुढें जन्मभर तिच्याच घरांत होतीं. आम्हीं ती ग्राह्य धरितों, पण कोरलेल्या शब्दांवर हवाला ठेवीत नाहीं.

सेंट मालोस टेंपल महिनाभर रेंगाळला. बातमी बापास लागतांच त्यानें मुलास पॅरिसला जाण्याची ताकीद दिली. तेथून पुढें सुमारें साडेसहा वर्षें हा विवाह रखडला. राजकारणाचे इतिहासकार याचें कारण एका वाक्यांत सांगतात: मुलीचा बाप राजपक्षाचा, मुलाचा बाप पार्लमेंटच्या पक्षाचा. हें खरें आहे, पण पुरें नाहीं. पक्षभेदामुळें कायमचीं तुटलेलीं घराणीं त्या देशांत थोडीं होतीं, आणि ज्यांचे बाप समोरासमोरच्या फौजांत होते अशांचे विवाहहि त्या काळांत झाले. खरी अडचण पैशाची होती, आणि ती पैशाची अडचण युद्धानें उत्पन्न केली होती. यादवीनें या दोघांस एका बेटावर आणिलें. यादवीच्या खर्चानें त्यांस दूर ठेविलें. हें कसें तें जरा विस्तारानें सांगतों, कारण पत्रें एकटीं वाचलीं तर तें दिसत नाहीं.

डोरोथीचा बाप सर पीटर ऑस्बर्न हा गर्नसी बेटाचा नायब सुभेदार. इ. स. १६४३ त बेटाच्या रहिवाशांनीं पार्लमेंटचा पक्ष धरिला, तेव्हां त्यानें बंदराच्या तोंडावरील कॅसल कॉर्नेट हा पाणकिल्ला राजाच्या नांवानें लढविण्यास आरंभ केला. आमच्या वाचकांनीं जंजिऱ्याची किंवा खांदेरीची कल्पना करावी: समोर बेट शत्रूचें, रसद काय ती समुद्रांतून, आणि ज्या मित्रानें ती पाठवावयाची त्याच्याशींच तंटा. हा मित्र म्हणजे शेजारच्या जर्सी बेटावरील राजाचा अधिकारी कार्टरेट. त्याच्याकडून शिधा वेळेवर येईना, तेव्हां सर पीटर व त्याची बायको यांनीं स्वतःच्या पैशानें व पतीवर किल्ला चालविला. सर पीटर १६४६ त किल्ल्यावरून निघाला. किल्ला त्याच्यामागें १६५१ च्या डिसेंबरपर्यंत टिकला. राजाचें निशाण सर्वांत शेवटीं उतरलेल्या ठिकाणांपैकीं तो एक होय. पण लढविणाऱ्याचें घर त्याआधींच बसलें होतें.

इकडे बेडफर्डशायर परगण्यांतील चिकसँड्स हें त्याचें वतन पार्लमेंटनें जप्त केलें. राजपक्षाच्या जमीनदारांस जप्ती उठवून घ्यावयाची असल्यास लंडनच्या सोनारांच्या पंचायतीच्या वाड्यांत बसणाऱ्या कमिटीपुढें जाऊन, मिळकतीचें शपथेवर टिपण देऊन, ठरेल तो दंड भरावा लागे. दंडाचें प्रमाण अपराधाप्रमाणें मिळकतीच्या किंमतीचा दहावा, सहावा, तिसरा किंवा निम्मा हिस्सा असें असे. त्यासाठीं कोणी जमिनी विकल्या, कोणी झाडें तोडून विकलीं, पुष्कळांनीं कर्ज काढिलें. आपल्याकडे जप्त वतन सोडवितांना नजराणा व दरबारखर्च भरून घराणीं बुडाल्याचीं उदाहरणें दप्तरांत जागोजाग आहेत, तोच प्रकार. या कमिटीचे कागद शाबूत असून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची सूची छापून प्रसिद्ध झाली. सर पीटरनें दंड भरून चिकसँड्स सोडविलें आणि म्हातारपणीं तेथें येऊन राहिला. पण वतन आलें तें रोडावून आलें.

आतां विवाहाची बोलणी पाहा. त्या वर्गाच्या इंग्रज घराण्यांत मुलीच्या बापानें रोख रक्कम द्यावयाची, ज्यास आपण हुंडा म्हणूं. आणि मुलाच्या बापानें तिच्या वैधव्याची सोय म्हणून कांहीं जमीन तिच्या नांवें बांधून द्यावयाची. एक पारडें दुसऱ्यावर अवलंबून. ऑस्बर्नांची रक्कम किल्ल्याच्या रसदेंत व जप्तीच्या दंडांत गेली. टेंपलचा बाप सर जॉन हा आयर्लंडांत मोठ्या हुद्द्याचा न्यायाधिकारी, पण यादवीच्या धामधुमींत तो हुद्दाहि निलंबित झालेला. त्यास मुलासाठीं भरभक्कम रकमेची सून पाहिजे होती, आणि डोरोथीच्या भावांस बहिणीसाठीं भरभक्कम जमिनीचा जांवई. दोन्ही घरें खचलेलीं, म्हणूनच दोन्ही हट्टास पेटलेलीं. सुस्थितींत कदाचित् पक्षभेदाकडेहि त्यांनीं काणाडोळा केला असता.

डोरोथीस मागण्या पुष्कळ आल्या. त्यांत खुद्द ऑलिव्हर क्रॉमवेलचा मुलगा हेन्री होता. म्हणजे ज्याच्या बापानें तिच्या बापास नागविलें त्याच्याच घरचा सोयरा! सर जस्टिनियन आयशम नांवाचा एक विधुर होता. वय चाळिशीपुढें, पदरीं चार मुली, विद्वत्तेचा ताठा मोठा. डोरोथीनें त्यास ‘बादशहा’ असें नांव ठेविलें होतें, व त्याच्या चारी मुलींची सावत्र आई होण्याच्या कल्पनेनें ती टेंपलला पोटभर हंसविते. तिचा नातलग टॉमस ऑस्बर्न हाहि एक उमेदवार होता. तोच पुढें दुसऱ्या चार्लसचा मुख्य कारभारी झाला. यांपैकीं कोणासहि वरिलें असतें तर घराची अडचण भागली असती. तिचा भाऊ हेन्री तर हात धुवून मागें लागला होता. आई वारलेली, बाप अंथरुणास खिळलेला, आणि भाऊ रोज नवें स्थळ घेऊन उभा, अशा घरांत बसून हीं पत्रें लिहिलेलीं आहेत.

पत्रें पोंचविण्याची तजवीज सांगण्यासारखी आहे. आठवड्यांतून एकदां भाड्यानें माल वाहणारा गडी चिकसँड्सच्या बाजूनें लंडनास जाई व परत येई. त्याच्या हातीं पत्र द्यावयाचें, उत्तर त्याच्याच हातीं यावयाचें. जेन राइट नांवाची सोबतीण या कामीं तिला साह्य करी. भावानें एकदां या गड्यास वाटेंत गांठून बहिणीचीं पत्रें आहेत काय म्हणून दरडाविलें. गडी साफ नाहीं म्हणाला. बिचाऱ्याचें हें खोटें बोलणें पुण्यांतच जमा झालें असेल.

मजकुराविषयीं थोडें. पत्र हें बोलल्यासारखें मोकळें असावें, घटवून रचलेल्या भाषणासारखें नसावें, असें तिनें स्वतःच एके ठिकाणीं म्हटलें आहे, आणि तसेंच तिचें लिहिणें आहे. फ्रेंच भाषेंतील त्या काळच्या लांबलचक अद्भुत कादंबऱ्यांचे भाग ती टेंपलकडे पाठविते आणि त्यांतील पात्रांविषयीं त्याचें मत विचारते. न्यूकॅसलच्या सरदाराच्या बायकोनें १६५३ त कवितांचें पुस्तक छापलें तेव्हां तें मिळवा म्हणून आधीं टेंपलकडे निकड लाविते, आणि मग वाचून म्हणते कीं, लंडनच्या वेड्यांच्या इस्पितळांत याहून शहाणीं माणसें पुष्कळ आहेत. दुसऱ्या एका पत्रांत ती जुन्या मुद्रा मागते; स्त्रियांनीं मुद्रा ओंवून बांधण्याची तेव्हां टूम होती, व जितकी मुद्रा जुनी आणि चमत्कारिक तितकी तिची चहा अधिक. आमच्या मुद्रा-संग्राहकांस ही बाई आपल्या जातीची वाटेल. घराजवळच्या माळावर गुरें राखीत गाणाऱ्या पोरींपाशीं ती संध्याकाळीं जाऊन बसते आणि लिहिते कीं, यांस सुखाला कांहीं कमी नाहीं. आपण सुखी आहों एवढें मात्र यांस ठाऊक नाहीं. दुसरें एक पत्र रात्रीं आजारी बापाच्या उशाशीं जागत बसून, डोळ्यांवर झोंप असतां लिहिलेलें आहे.

राजकारण येतें तें असेंच जातां जातां. १६५३ च्या एप्रिलांत क्रॉमवेलनें शिपाई नेऊन पार्लमेंट उठवून दिलें. डोरोथी लिहिते कीं, पिम आज जिवंत असता तर पांच सभासद पकडण्यास राजा आला होता त्या प्रकाराइतकाच हाहि हक्कभंग त्यानें मानला असता काय कोण जाणे. आणि त्याच सुमारास म्हणते, हेन्री क्रॉमवेलची मागणी पत्करण्याचें शहाणपण मला सुचलें असतें तर आज माझा भाग्योदय जवळ आला असता! ज्या घटनेवर ग्रंथ झाले तिच्यावर, त्या घटनेमुळें नागविल्या गेलेल्या घरांतील मुलगी हंसून दोन ओळी लिहिते व पुढच्या ओळीस दुसऱ्याच विषयाकडे वळते.

येथें एका गैरसमजाचें निरसन केलें पाहिजे. पुष्कळ वाचकांनीं डोरोथीस प्रेमापुढें पैसा तुच्छ मानणारी नायिका करून टाकिलें आहे. पत्रांस तें संमत नाहीं. प्रेमासाठीं लग्न करून पुढें अन्नास मोताद झालेल्यांचीं उदाहरणें ती स्वतःच देते. दुसऱ्या कोणास वरणार नाहीं हें ती ठाम सांगते; पण बापाच्या मनाविरुद्ध व निर्वाहाच्या सोयीवांचून तुलाहि वरणार नाहीं, हेंहि तितक्याच ठामपणें सांगते. लोक हंसतील याचें तिला भय आहे व तें ती लपवीत नाहीं. १६५३ च्या अखेरीस तर तिची हिंमत खचली. या प्रीतीस शेवट दिसत नाहीं, तेव्हां परस्परांस वचनांतून मोकळें करावें, असें तिनें लिहिलें. टेंपल हवालदिल झाला व स्वतः चिकसँड्सला येऊन भेटला. तेव्हां तें वादळ शमलें. या दिवसांचीं पत्रें संग्रहांत सर्वांत दुःखद आहेत. तीं वाचून आमचें मत असें झालें आहे कीं, तिची निष्ठा मोठी ती याच कारणानें: हिशेब तिला पुरता कळत होता.

१६५४ च्या मार्चांत सर पीटर वारला. एक अडथळा गेला, पण त्याबरोबर घरहि गेलें. चिकसँड्स वडील भावाचें झालें आणि डोरोथी लंडनांत मावशीकडे, केंट परगण्यांत मेहुण्याकडे, अशी नातलगांच्या घरीं राहूं लागली. टेंपल बापाबरोबर आयर्लंडास गेला होता. अखेर दोन्हीकडच्या वडिलांनीं देण्याघेण्याचें कसेंबसें जमविलें. लग्न ठरलें, आणि डोरोथीस देवी आल्या. जीव वांचला, रूप गेलें. टेंपलचा निश्चय ढळला नाहीं. १६५४ च्या डिसेंबरच्या २५ तारखेस लग्न झालें. सरकारी कायद्यानें तेव्हां धर्मगुरूऐवजीं न्यायाधीशापुढें विवाह लावावयाचा होता, आणि नाताळाचा सण पार्लमेंटनें बंद केलेला होता. त्या दिवशींच हा मुहूर्त लागला हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

पुढील आयुष्य थोडक्यांत सांगतों, कारण तें टेंपलच्या कोणत्याहि चरित्रांत आहे. आयर्लंडांत कांहीं वर्षें. मग ब्रसेल्स व हेग येथील वकिली. १६६८ चा तिहेरी तह. १६७७ त ऑरेंजचा विल्यम व राजकन्या मेरी यांचा विवाह, ज्यांत नवरा-बायको दोघांचेंहि अंग होतें. १६७१ त डोरोथीस हॉलंडहून आणण्यास गेलेल्या ‘मर्लिन’ जहाजानें निशाणाच्या मानापानासाठीं डच आरमारावर तोफा डागल्या. बाई जहाजावर होती, व ती डगमगली नाहीं. पुढच्या वर्षीं डचांशीं युद्ध पुकारतांना इंग्रजांनीं हाच प्रसंग एक कारण म्हणून पुढें केला. नऊ मुलांपैकीं सात बालपणींच गेलीं. मुलगी डायाना चौदाव्या वर्षीं देवीनेंच गेली, आणि मुलगा जॉन यानें १६८९ त थेम्स नदींत जीव दिला. डोरोथी १६९५ त वारली. टेंपल १६९९ त.

टेंपलचा चिटणीस जोनाथन स्विफ्ट यानें धन्यामागें त्याचीं राजकारणी पत्रें ताबडतोब, १७०० पासून, छापून काढिलीं. डोरोथीचीं पत्रें मात्र वारसाहक्कानें हिंडत सफोक परगण्यांतील काडनम येथील लाँग घराण्याकडे गेलीं व तेथें पडून राहिलीं. १८३६ त कोर्टने यानें टेंपलचें चरित्र लिहितांना त्यांतील उतारे परिशिष्टांत, जणूं क्षमा मागूनच, छापले. १८३८ त मेकॉलेनें (कलकत्त्याहून नुकताच परत गेलेला, आपल्या परिचयाचा तोच) एडिंबरो रिव्ह्यूंत त्या चरित्राची परीक्षा केली व बजाविलें कीं, दोन राष्ट्रांच्या परस्परसंबंधाइतकाच स्त्री-पुरुषांचा परस्परसंबंध इतिहासास मोलाचा आहे. हिंदी विद्येसंबंधानें त्याचीं मतें आम्हांस कधींच पटलीं नाहींत. येथें मात्र तो बरोबर आहे. पुढें एडवर्ड ॲबट पॅरी या तरुण वकिलानें छापील उताऱ्यांवरूनच एक लेख लिहिला. तो लाँग घराण्यांतील एका बाईच्या वाचनांत आला. तिनें सर्व पत्रांच्या नकला स्वहस्तें आधींच करून ठेविल्या होत्या. त्या तिनें पॅरीस दिल्या, आणि १८८८ त ग्रंथ निघाला. मूळ पत्रें १८९१ त ब्रिटिश म्यूझियमनें विकत घेतलीं. आज तीं ब्रिटिश लायब्ररींत ३३९७५ या जादा हस्तलिखित क्रमांकावर आहेत.

पत्रें बहुतेक बिनतारखेचीं. आपल्या जुन्या पत्रांत तिथि किंवा चंद्र असतो, वर्ष नसतें. खरेशास्त्र्यांनीं पटवर्धनी पत्रें लावतांना काय सायास केले ते आमच्या वाचकांस ठाऊक आहेत. डोरोथीच्या पत्रांत तारीखहि नाहीं, पण माल नेणाऱ्या गड्याचा ठराविक वार आहे. त्यावर पार्लमेंट उठल्याची बातमी, नव्या पुस्तकाचें नांव, बापाचें दुखणें असे धागे लावून पॅरीनें क्रम बसविला. शिवाय इंग्रजी वर्ष तेव्हां २५ मार्चास बदले व पंचांग युरोपांतील इतर पुष्कळ देशांच्या दहा दिवस मागें असे. आपल्या सुहूर सनाच्या मृगारंभासारखीच ती खोड. पॅरीचा क्रम पुष्कळ ठिकाणीं चुकला होता. तो मूर स्मिथ यानें १९२८ च्या ऑक्सफर्ड आवृत्तींत दुरुस्त केला, तेव्हां त्यास मुख्य आधार मिळाला तो एका रोजनिशीचा. घरीं कोण केव्हां आलें, कोण कधीं गेलें, याच्या नोंदी तींत आहेत, आणि ती रोजनिशी हेन्री ऑस्बर्नची, म्हणजे गड्यास वाटेंत अडवून पत्रें मागणाऱ्या त्या भावाचीच.

टेंपलनें परदेशीं असतां फ्रेंच कथांच्या आधारें डोरोथीसाठीं रचलेल्या कांहीं गोष्टीहि मूर स्मिथनेंच पुढें १९३० त प्रसिद्ध केल्या. प्रीति आणि दैव यांनीं केलेल्या घातपातांच्या त्या कथा आहेत. मात्र तिच्या ७७ पत्रांस टेंपलनें जीं उत्तरें धाडिलीं त्यांपैकीं एकच पत्र आज उपलब्ध आहे.